म्हातारा कुत्रा फिरायला येईनासा होतो तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण काही बोलावे, असा निरोप मला आला तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. मी विषय कळवला आणि चिटणीसबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कुत्र्यावर? वर्धापनदिनाला?" त्यांचे विचारणे रास्तच होते. या जागेवरून आजवर आहार, बचत, मुलांचे अभ्यास, स्त्रियांचे कायदे अशा विषयांवर जाणकारांची व्याख्याने झाली. त्या पंक्तीत म्हाताऱ्या कुत्र्याला पाट मांडायचा, म्हणजे जरा धाडसच. पण भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी कुत्रा आहे. तो आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, त्याचे नाव ठेवण्याचा मान यजमानांचा असतो, आणि सकाळी साखळी हातात घेऊन जिना उतरण्याचे काम आपले असते. म्हणून हा विषय आपल्याच मंडळाचा आहे, असे मी धरून चालले आहे.

विषय लहान आहे. घरातला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा होतो. साखळी वाजली की दाराकडे धावणारा तो, एके दिवशी नुसती मान वर करून बघतो आणि पुन्हा पायांवर डोके ठेवतो. आपण म्हणतो, "वय झाले." या दोन शब्दांविषयी मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आमचा मोती गावठी आहे. २०१४ च्या जूनमध्ये मरोळ नाक्यावरून मेट्रो धावू लागली, त्याच पावसाळ्यात तो आमच्या मुलीला पुलाखाली एका खोक्यात भिजत बसलेला सापडला. त्यामुळे त्याचे वय आमच्या घरी कोणी विसरत नाही. मेट्रोला जितकी वर्षे, तितकीच मोतीला. रोज सकाळी मरोशी रस्त्याने आरेच्या दिशेने जायचे, झाडी दाट होऊ लागली की मागे फिरायचे, हा त्याचा नेम. रविवारी मासळी बाजाराच्या बाजूने न्यावे लागे, आणि तेथून त्याला पुढे हलवणे हे एकटीचे काम नसे.

गेल्या हिवाळ्यात हा नेम मोडू लागला. आधी तो जिन्याच्या वरच्या पायरीवर थबके. मग फाटकापासून वीस पावलांवर बसू लागला. उठताना पुढचे पाय टेकून मागचा भाग कसाबसा उचलून घेई. घरी आल्यावर एकच गुडघा चाटत बसे. जेवण चालू होते, शेपूट हलत होती. पण चालण्यातला आनंद मात्र गेला होता.

आता आपल्या वस्तीत एखाद्याचा कुत्रा रस्त्यात बसला, की सल्ल्यांना तोटा नसतो. एकीने सांगितले, "वहिनी, म्हातारा झाला आता. कशाला नेता? पडू द्या घरात." दुसऱ्या एका गृहस्थांनी सांगितले, "आळस चढलाय त्याला. साखळी ओढा, आपोआप चालेल." तिसरा सल्ला जरा हलक्या आवाजात आला, "आरेत नेऊन सोडा. मोकळे रान आहे, जगेल बिचारा."

या तिसऱ्या सल्ल्याचे आधी बोलते. आरेत बिबटे आहेत, हे मरोळच्या माणसाला सांगावे लागत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, हे अभ्यासकांनी पाहून ठेवलेले आहे. अकरा वर्षे आपल्या खाटेखाली झोपलेल्या, पाय दुखणाऱ्या जिवाला तेथे सोडणे म्हणजे काय, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. शिवाय पाळलेले जनावर असे टाकून देणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तसे लिहिलेले आहे.

उरलेले दोन सल्ले एकमेकांच्या उलट आहेत. एक म्हणतो नेऊ नका, दुसरा म्हणतो ओढून न्या. तरी दोन्हींचे मूळ एकच आहे. सल्ला देणाऱ्यांनी कुत्र्याचे वय पाहिले होते, कुत्र्याकडे पाहिले नव्हते.

मी काय केले, ते सांगते. आमच्या भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिण्याची मला सवय आहे. त्याच चौकोनांत मी मोतीच्या नोंदी करू लागले. आज किती चालला, कोठे बसला, जिना चढताना थांबला की उतरताना, सकाळी जड होता की संध्याकाळी, जेवला का, पाणी किती प्याला. दोन आठवड्यांत चित्र दिसू लागले. सकाळी उठल्यावर तो ताठरलेला असे आणि थोडे चालल्यावर मोकळा होई. गारठ्याच्या दिवशी जास्त अडे. आणि शेवटच्या चार-पाच दिवसांत नवेच काही दिसले. थोडे चालल्यावर मोकळा होणारा मोती आता उलट गळून जाऊ लागला होता, आणि अर्धी भाकरी ताटलीत तशीच राहू लागली होती.

ते पान घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नोंदी वाचल्या, मोतीला खोलीत चालवून पाहिले, मागच्या पायांचे सांधे वाकवून पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि रक्त तपासायला घेतले. त्यांचे निदान असे निघाले. मागच्या पायांना सांधेदुखी, ती जुनी. आणि तिच्यावर आलेला गोचीड ताप, तो नवा. म्हणजे "वय झाले" या दोन शब्दांखाली दोन वेगवेगळी दुखणी लपली होती. एकावर आराम मिळवून देता येतो आणि दुसरे बरे करता येते.

गोचीड ताप आपल्या मुंबईत फार. हवा दमट, झाडी जवळ, गुरांचे गोठे जवळ. गोचीड चावताना जे सूक्ष्म जंतू रक्तात सोडते ते रक्तातल्या पेशींवर घाला घालतात. कुत्र्याला ताप येतो, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येते. पण कित्येकदा यातले काहीच ठळक दिसत नाही. कुत्रा फक्त थकलेला दिसतो. तरुण कुत्रा असा थकला तर आपण धावतपळत डॉक्टरांकडे नेतो. म्हातारा थकला तर आपल्याला त्यात नवल वाटत नाही, आणि म्हणून म्हाताऱ्याचा आजार उशिरा सापडतो. रक्ताची तपासणी केली की हा ताप बहुधा कळतो, आणि वेळेवर कळला तर औषधाने उतरतो. औषध मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरे करावे लागते. मोतीचे चार आठवडे चालले. पहिल्या आठवड्यातच तो खाऊ लागला, पण आम्ही औषध मध्येच सोडले नाही.

सांध्यांचे थोडे निराळे आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते, म्हणून सांधा न घासता फिरतो. या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती झिजली की भरून येत नाही. मग सांध्याला सूज येते, तो दुखतो, कुत्रा तो पाय कमी वापरतो, पाय कमी वापरला की मांडीचे स्नायू बारीक होतात, आणि स्नायू बारीक झाले की सांध्यावर भार आणखी पडतो. असे हे चक्र फिरत राहते. म्हणून "नेऊ नका, पडू द्या" हा सल्ला दयेचा वाटला तरी त्याने दुखणे वाढते. आणि ओढून नेले तर दुखऱ्या सांध्यावर घाव बसतो. यातला मधला मार्ग कोणता, ते पुढे सांगते.

एक लक्षात ठेवावे, की कुत्रा दुखते म्हणून नेहमी ओरडत नाही. तो कमी उड्या मारतो. गाडीत चढताना विचार करतो. आपण कंबरेवर हात ठेवला की अंग आकसतो. एरवी शांत असलेला मुलांवर गुरगुरतो. हीच त्याची तक्रार समजावी. आणि फिरायला न येण्याची कारणे सांध्यांपाशी संपत नाहीत. हृदयाची झडप सैल झाली की दम लागतो, रात्री खोकला येतो. थायरॉइडची ग्रंथी मंदावली की वजन वाढते, केस विरळ होतात, कुत्रा सुस्त पडतो. मूत्रपिंड थकले की पाणी फार पितो आणि वरचेवर लघवीला जातो. दाढ किडली की जेवण टाळतो आणि अंगात जोर राहत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू असला तर दिवसा येतो, पण अंधारात पाऊल टाकत नाही. कान गेले असतील, तर साखळी वाजलेली त्याला ऐकूच येत नाही आणि आपण म्हणतो की त्याचा उत्साह गेला. काहींची स्मरणशक्तीही मंदावते. रात्री घरभर फिरतात, कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, दाराच्या बिजागरीच्या बाजूला वाट बघत थांबतात. यांपैकी प्रत्येक दुखण्याला काही ना काही उपाय आहे. पण तो करायचा, तर आधी कोणीतरी पाहिले पाहिजे.

पाहणे म्हणजे काय करायचे, तेही सांगते, कारण यासाठी यंत्र लागत नाही. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते, ते घड्याळ लावून मोजावे. तो आकडा तीसच्या आत असावा. काही दिवस लागोपाठ तो तीसच्या वर जात असेल, तर डॉक्टरांना कळवावे. हृदयाच्या दुखण्याची पहिली खूण कित्येकदा येथेच मिळते. हिरड्या गुलाबी आहेत का, ते आठवड्यातून एकदा पाहावे. मात्र काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तेव्हा आपल्या कुत्र्याच्या कशा आहेत, हे तो बरा असतानाच पाहून ठेवलेले असावे. महिन्यातून एकदा वजन करावे. कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. आपला आकडा कोणाला सांगितलाच पाहिजे असे नाही.

मंदपणे वाढत गेलेला थकवा असेल तर दोन-चार दिवसांत वेळ घेऊन डॉक्टरांकडे जावे. पण काही गोष्टींना थांबू नये. कुत्रा अचानक कोसळला, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर झाल्या, पोट फुगले आणि ओकारी येते पण काही पडत नाही, मागचे पाय एकाएकी लुळे पडले, बसल्या जागी धापा टाकू लागला, तर "सकाळी बघू" असे म्हणू नये. त्याच घटकेला निघावे.

आता स्वयंपाकघरात येऊ. आपल्या गुडघ्यांसाठी घरात गोळ्या असतात, आणि हात त्या डब्याकडे जातो. तो आवरावा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलनेही यकृताला इजा होते. "अर्धीच दिली" हा बचाव दहा किलोच्या जनावरापुढे टिकत नाही. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामक औषधे मिळतात आणि ती रक्त तपासून, वजनाच्या हिशेबाने डॉक्टर देतात.

खाण्याचेही तसेच. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तपेशींना मारक आहेत. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंडांवर आघात होतो. तेव्हा दिवाळीत बेसनाच्या लाडवावर लावलेला बेदाणा त्याच्यापासून दूर ठेवावा. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या गोड पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो तर अजिबात नको.

आणि सर्वांत मोठे पथ्य वजनाचे. म्हातारा कुत्रा चालत नाही म्हणून आपल्याला कीव येते, आणि आपली कीव बहुधा तुपाच्या पोळीच्या रूपाने बाहेर पडते. अमेरिकेत लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंत चाललेला एक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या पिलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जितके अन्न, त्यापेक्षा दुसऱ्याला पाव हिस्सा कमी. कमी खाल्लेली कुत्री मध्यम मानाने पावणेदोन वर्षांहून थोडी अधिक जगली, आणि सांधेदुखीचा उपचार त्यांना बराच उशिरा लागला. पावणेदोन वर्षे म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात केवढा काळ! बोटांनी चाचपल्यावर बरगड्या सहज लागाव्यात, इतपत अंग असावे. आमच्याकडे मोतीच्या ताटलीतून एक पोळी कमी झाली आणि तिच्या जागी उकडलेला दुधी व भोपळा आला. पहिले दोन दिवस त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी आपल्यापुढे वर्णन करणार नाही.

आता मघाशी म्हटलेला मधला मार्ग. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा दिवसातून तीनदा-चारदा थोडे थोडे न्यावे. दहा मिनिटे पुरेत. रोज साधारण सारखेच असावे. सहा दिवस घरात आणि रविवारी आरेपर्यंत, असे करू नये. उन्ह चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर न्यावे. आपल्या रस्त्यांचे आता काँक्रीट झाले आहे आणि ते तापते. हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून पाहावी, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करतो, म्हणून त्याला दमाने घ्यावे.

आणि त्याला हुंगू द्यावे. हे मी विशेष सांगते. आपल्याला वाटते की चालणे म्हणजे पावले मोजणे. कुत्र्याला चालणे म्हणजे वर्तमानपत्र वाचणे. आज येथून कोण गेले, काल रात्री कोण आले, मासळीची कोणती टोपली कोठे टेकली, हे सगळे तो एका खांबापाशी उभा राहून वाचतो. पाय थकले तरी त्याचे नाक बरेच दिवस काम देते. आता मी मोतीबरोबर फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंतच जाते, पण त्याला वीस मिनिटे लागतात, आणि परत येताना त्याची शेपूट वर असते. गावठाणातल्या एक वयस्क ख्रिस्ती शेजारीण काठी घेऊन त्याच वेळी निघतात. त्या एकदा मला म्हणाल्या, "बाई, या मोहल्ल्यात माझ्या चालीने चालणारा हा एकच आहे." तेव्हापासून आम्ही तिघे बरोबरच जातो.

घरातही थोडे बदल करावेत. आपल्या नव्या घरांतल्या गुळगुळीत लाद्या म्हाताऱ्या कुत्र्याचे वैरी आहेत. मागचे पाय फाकतात, एकदा घसरला की तो चालायलाच भितो. त्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटई टाकावी, आणि तीही सरकणार नाही अशी. नखे वाढू देऊ नयेत. कमी चालणाऱ्याची नखे झिजत नाहीत आणि ती टेकली की पंजा तिरपा पडतो. झोपायला जाड गोधडी द्यावी. जुन्या साड्यांना याहून चांगले काम मिळणार नाही. जिना चढता-उतरताना पोटाखालून पंचा घालून मागचा भाग उचलून धरावा. अंगावर, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का, हे रोज पाहावे आणि गोचिडीचे औषध डॉक्टरांना विचारून लावावे. पावसात साचलेल्या पाण्यातून त्याला नेऊ नये. २६ जुलै २००५ चा मिठी नदीचा पूर आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो. त्याची लस आहे. रेबीजची लस तर कुत्रा कितीही म्हातारा झाला तरी चुकवू नये. ती आपल्या मुलांसाठीही आहे.

कोणी म्हणेल, एका जनावराचे इतके करायचे म्हणजे शहरी चैन आहे. तसे नाही. हे आपल्या मुंबईचे जुने वळण आहे. १८३२ साली बेवारशी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा पारशी मंडळींनी व इतर नागरिकांनी दुकाने बंद ठेवून तिला विरोध केला. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. थकलेल्या, कामातून गेलेल्या जनावरांनाही जागा असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची शुश्रूषा करीत आले आहे. जुनी माणसे त्याला अजून 'बैलघोडा हॉस्पिटल'च म्हणतात, आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उघडले. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, महाभारताच्या शेवटी, स्वर्गाचा रथ दाराशी उभा असताना धर्मराजाने सांगितले होते की वाटेत साथ केलेल्या कुत्र्याला सोडून मी चढणार नाही. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आपल्या वाट्याला ती परीक्षा रथासकट येत नाही. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर थबकलेल्या कुत्र्याच्या रूपाने येते, आणि नेमकी कामाच्या घाईच्या वेळी येते.

शेवटाविषयीही बोलले पाहिजे. असा एक दिवस येतो की औषध पुरे पडत नाही, कुत्र्याला उठवत नाही, खाववत नाही, रात्र रात्र तो कण्हतो. त्या वेळी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. वेदना न होता शांतपणे प्राण जाऊ देण्याचा मार्ग त्यांच्याकडे असतो. तो केव्हा घ्यावा, याचे उत्तर कालनिर्णयातल्या चौकोनांतच सापडते. चांगला दिवस गेला तर बरोबरची खूण करावी, वाईट गेला तर फुली. फुल्या जास्त होऊ लागल्या की डॉक्टरांशी ते बोलणे करण्याची वेळ आली, असे समजावे. तोवर मात्र "आता काय राहिलंय" असे म्हणून हात सोडू नये.

भगिनींनो, "वय झाले" हे दोन शब्द आपण घरात आणखी कोणाला लावतो, तेही जाता जाता पाहावे. सासूबाई देवळात जाईनाशा होतात, मंडळाला यायचे टाळतात, संध्याकाळी दिवा लागल्यावर खोलीतून बाहेर पडत नाहीत. आपण म्हणतो, वय झाले. कदाचित त्यांना मोतीबिंदू झाला असेल आणि पायरी दिसत नसेल. कदाचित रक्त कमी झाले असेल. कदाचित गुडघा इतका दुखत असेल, की सांगण्याचाही कंटाळा आला असेल. आणि पुढेमागे हे शब्द आपल्यालाही लागू होणार आहेत. वय होतेच. पण वय झाले हे कारण नव्हे, उत्तर तर नव्हेच. तेथून चौकशीला सुरुवात करायची असते.

आता दोन सूचना करते आणि थांबते. पहिली, मंडळाच्या फलकावर जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचे दूरध्वनी आणि त्यांच्या वेळा लावून ठेवाव्यात. रात्री कोण उपलब्ध असते, तेही त्यात असावे. दुसरी, आपल्यापैकी ज्यांच्या इमारतींना लिफ्ट नाही आणि कुत्रा मोठा आहे, त्यांना तो एकटीने खाली आणता येत नाही. अशा वेळी हाक मारता येईल अशा पाच-सात जणींची यादी करावी. माझे नाव पहिले घालावे. मला अवजड काही उचलवत नाही, पण पंच्याचे एक टोक मी नक्की धरीन.

ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा आहे त्यांनी आज रात्री तो झोपला की त्याचे श्वास मोजावेत, आणि आकडा उद्या मला येऊन सांगावा.